जिनोआ पायी बघायचंय: चढ, गल्ल्या आणि आईचे गुडघे

पायवाट

नमस्कार मंडळी,

एप्रिलमध्ये कामानिमित्त मिलानला जाणं होतंय आणि या वेळी आईही सोबत आहे. काम उरकलं की शेवटचे काही दिवस मोकळे आहेत. ऑफिसात ज्याला विचारावं तो चिंक्वे तेर्रेला, म्हणजे समुद्रकाठच्या त्या पाच गावांना जा म्हणतो. मला मात्र जिनोआ बघायचंय, तेही बसच्या खिडकीतून नाही, पायी.

आई इतिहासाची शिक्षिका होती. व्हेनिसशी शतकानुशतकं झुंजलेलं, स्पेनच्या राजाला कर्ज देणाऱ्या सावकारांचं, कोलंबसचं आणि इटलीच्या एकीकरणासाठी झटलेल्या मॅझिनीचं हे बंदर तिने वर्षानुवर्षं फळ्यावर नकाशा काढून शिकवलंय. ते तिला प्रत्यक्ष बघायला मिळावं असं फार मनात आहे.

सपाट रस्त्यावर ती मध्ये टेकत टेकत भरपूर चालते. चढ आणि जिने मात्र गुडघ्यांना मानवत नाहीत. जिनोआ म्हणजे नुसते चढ-उतार असं वाचलंय. चालण्याची आखणी कशी करावी? सुरुवात कुठून? जुन्या गल्ल्यांमध्ये आईला घेऊन फिरणं बरं का? आणि आम्ही दोघी शाकाहारी आहोत, अंडं चालतं.

मुशाफिर

रुमाल टाकून ठेवतो. हवाच होता हा धागा.

वेलबुट्टी

पायवाट, जुन्या इमारतींच्या जतनाचं शिक्षण मी तिथे घेतलंय. त्या शहराचं नाव निघालं की लिहिल्याशिवाय राहवत नाही, तेव्हा प्रतिसाद लांबणार.

जिनोआ नुसत्या नकाशावरून कळत नाही. डोंगर थेट समुद्रात उतरलाय आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माणसं हजार वर्षं घरांवर घरं चढवत आली. त्यामुळे शहर आडवं पसरलेलं नाही, उभं वाढलंय. नकाशात शेजारी दिसणारे दोन रस्ते प्रत्यक्षात एकमेकांच्या डोक्यावर असतात. गावकऱ्यांनी यावर उपाय म्हणून सार्वजनिक लिफ्ट आणि दोरावर ओढल्या जाणाऱ्या छोट्या रेल्वे बांधल्या. त्या शहराच्या वाहतुकीचाच भाग आहेत, लोक भाजी घेऊन त्यातून घरी जातात.

म्हणून माझा नियम साधा: वर यंत्राने जा, खाली पायी या. पोर्तेल्लो चौकातून फरशांनी मढवलेला एक बोगदा डोंगरात शिरतो. त्याच्या टोकाला कास्तेल्लेत्तोची लिफ्ट आहे, १९०९ सालची. वर बाहेर पडलात की सगळं जुनं शहर पायाखाली: राखाडी पाटीच्या दगडाची छपरं, चर्चचे मनोरे, पलीकडे बंदरातल्या क्रेन आणि उजव्या हाताला दूरवर लांतेर्ना, म्हणजे १५४३ सालचं दीपगृह. आईंना आधी इथे न्या. शहराची रचना एका नजरेत समजते आणि मग खालच्या गल्ल्यांत गोंधळायला होत नाही.

दुसरी लिफ्ट बाल्बी रस्त्यापासून निघणारी, मोंतेगाल्लेत्तोची. तिची कॅबिन आधी बोगद्यातून आडवी धावते, मग थांबते आणि त्याच कॅबिनसकट वर उचलली जाते. तुम्ही आतच उभ्या! वर कॅप्टन द'आल्बेर्तिस या दर्यावर्दीचा वाडा आहे. देशोदेशींहून आणलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे तिथे. गड्याला सूर्यघड्याळांचं वेड होतं, वाड्याच्या भिंतींवरही ती दिसतील.

रोखठोक

विरोधी मत नोंदवतो. मला जिनोआ आवडलं नाही. प्रिन्चिपे स्टेशनातून उतरून सरळ प्रे रस्त्याला लागलो. दोन्ही हात पसरले तर भिंतींना टेकतील अशा गल्ल्या, भर दुपारी अंधार, कोपऱ्याकोपऱ्यावर मुताचा वास, भिंती स्प्रेने रंगवलेल्या. संध्याकाळी तर एकेका गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली माणसं पाहून पाय पुढे पडेना. आईंना घेऊन जायचं तर सरळ कामोलीला जा. ट्रेनने जवळ आहे, समुद्र आहे, रंगीत घरं आहेत, डोक्याला ताप नाही.

भटकभवानी

रोखठोक, वासाबद्दल अनुमोदन, बाकीच्याबद्दल नाही. रंगीत घरं बघायला कामोली ठीक आहे, पण मूळ लेखिकेच्या आईंना इतिहास बघायचाय. तो कामोलीत सापडणार नाही.

दर्यावर्दी

मी रत्नागिरीचा, जहाजावर इंजिन रूममध्ये असतो. आमच्याकडचे, गोव्याचे, कितीतरी लोक क्रूझवर आहेत आणि त्यांच्यासाठी जिनोआ म्हणजे नेहमीचं बंदर. प्रवासी जहाजांचा धक्का प्रिन्चिपे स्टेशनच्या अगदी खाली आहे. ड्युटी सुटली की आमची पोरं त्याच प्रे रस्त्यावर जातात, ज्याची रोखठोक यांना भीती वाटली.

तिथे काय आहे सांगू का? आफ्रिकेतल्या, बांगलादेशातल्या लोकांची दुकानं. फोनचं कार्ड, मसाले, तांदूळ, घरी पैसे पाठवायची सोय. दारात उभा असलेला माणूस बहुतेक वेळा गप्पा मारायला उभा असतो. बंदराचं गाव आहे ते, पूर्वीपासून अशाच लोकांनी भरलेलं. त्याच रस्त्याच्या टोकाला कॉमेन्दा आहे, ११८० च्या सुमाराची. पवित्र भूमीकडे निघालेल्या यात्रेकरूंना उतरायला आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करायला बांधलेली. म्हणजे परक्या माणसाला आसरा द्यायचं काम हा रस्ता आठशे वर्षं करतोय.

काळजी घ्यायचीच. रात्री उशिरा प्रे आणि माद्दालेना भागातल्या आतल्या गल्ल्या टाळा, पर्स पुढे धरा. दिवसा बिनधास्त फिरा.

पायवाट

दर्यावर्दी दादा, कॉमेन्दाचं वाचून आईने लगेच वही काढली. :)
वेलबुट्टी, लिफ्टची कल्पना एकदम पटली. रोखठोक, तुमचंही लक्षात ठेवते, हॉटेल प्रे रस्त्यावर घेणार नाही.

अस्थिमित्र

फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून मध्ये बोलतो. वेलबुट्टी यांचा "वर यंत्राने, खाली पायी" हा नियम धडधाकट माणसाला उत्तम आहे, गुडघ्याच्या रुग्णाला नाही. चढताना दम लागतो, पण गुडघ्याच्या वाटीमागे जास्त भार येतो तो जिना उतरताना. त्यातून दगडी, झिजलेल्या, पावसाने निसरड्या पायऱ्या असतील तर विचारूच नका. माझं मत: लिफ्टने वर, लिफ्टनेच खाली. हातात काठी, पायात रबरी तळव्याचे बूट.

वेलबुट्टी

अस्थिमित्र, बरोबर बोललात. मग नियम आईंपुरता बदलूया. उतरायचंच असेल तर पायऱ्यांनी नको, सलग उताराने. सान लोरेंत्सो रस्ता घ्या: दे फेर्रारी चौकाजवळून निघतो, कॅथेड्रलवरून थेट बंदरापर्यंत हलक्या उताराने येतो, वाहनं नाहीत. खाली पोहोचलात की सान जॉर्जोचं मेट्रो स्टेशन आहे, तिथून परत वर दे फेर्रारीला. चढ पूर्ण वाचतो.

तांबडा_रस्सा

इतका वेळ कोणी खाण्याबद्दल बोललं नाही? शाकाहाऱ्यांसाठी इटलीतलं सगळ्यात सोयीचं गाव आहे हे. समुद्रकाठी असूनही जिनोआचं घरगुती जेवण बरंचसं पालेभाजी, कडधान्य आणि ऑलिव्ह तेलावर चालतं.

फारिनाता: हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, बस्स. पीठ तासन्तास भिजत ठेवतात, मग कल्हई केलेल्या भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत पातळ थर ओततात आणि लाकडाच्या भट्टीत सारतात. कडा कुरकुरीत, मध्य मऊ. पहिला घास घेतला की बेसनाचं धिरडं आठवतं, पण भट्टीच्या धुराने चव निराळीच होते. जुस्तिनियानी रस्त्यावर सा पेस्ता नावाचं जुनं ठिकाण आहे, भट्टी समोरच दिसते. परात बाहेर आली की कागदावर तुकडे. गरमच खायचं, गार झालं की मजा गेली.

फोकाच्चा: तेल-मीठ लावलेला चपटा पाव. तिथे सकाळी खातात, आणि कितीतरी लोक कॅपुचिनोत बुडवून! खारं आणि कॉफी एकत्र कसं लागेल असं वाटतं ना? एकदा करून बघाच. तुकडा उलटा धरून खाल्ला तर वरचं मीठ आणि तेल जिभेला आधी लागतं. वजनावर मिळतो.

पान्सोती: रानभाज्या भरलेला पास्ता, वर अक्रोडाचा सॉस. तोर्ता पास्क्वालिना: पालेभाजीची पाई, आत अख्खी अंडी.

शुद्धशाकाहारी_कोल्हापूर

पेस्तोत, म्हणजे तुळशीच्या सॉसमध्ये, चीज असतं आणि त्यातलं पार्मेजानो वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने करतात. ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्यावं. फारिनाता मात्र निर्धास्त.

तांबडा_रस्सा

कोल्हापूर आणि शुद्ध शाकाहारी! जपा स्वतःला. :)
मुद्दा बरोबर आहे. आणखी एक: पेस्तोची तुळस प्रा या उपनगरातली, कोवळी, लहान पानांची. पेस्तोबरोबर पास्त्यातच बटाटा आणि फरसबी घालतात, ते बघून परत पाठवू नका, तशीच रीत आहे. दुपारी उशिरा बहुतेक खानावळी बंद असतात. तेव्हा सोत्तोरीपाच्या कमानींखाली तळणवाले शोधा. हरभऱ्याच्या पिठाचीच पानिस्सा तळून देतात. पण तिथे मासेही तळतात, तेव्हा तेल वेगळं आहे का ते विचारा.

गवाक्ष

तीच सोत्तोरीपा. बंदरासमोरची ती कमानींची ओळ बाराव्या शतकातली आहे. पूर्वी समुद्र तिच्या पायाशी होता, जहाजातला माल थेट कमानीखाली उतरायचा. आज मध्ये रस्ता आहे आणि त्यावर १९६५ चा उंच उड्डाणपूल. या पुलावरून गावात कायम वाद. मला तो पाडावा असं मनापासून वाटतं. पालात्सो सान जॉर्जोसारखी इमारत आणि समुद्र यांच्या मध्ये डांबर कशाला?

दर्यावर्दी

गवाक्ष, पुलावरून गाडीने जाताना बंदर आणि जुनं शहर दोन्ही एकदम दिसतं तसं कुठून दिसत नाही. गावातल्या अनेकांना तो आवडतो तो यासाठीच. आणि तो पाडला तर ती वाहनं जाणार कुठे?

गवाक्ष

वाहनांसाठी बोगदा हवा. असो, अवांतर होतंय.

जुनीपाने

सान जॉर्जोचं नाव निघालंच आहे तर आईंच्या वहीसाठी थोडं.

ही इमारत १२६० ची. तेव्हा जिनोआवाल्यांनी बायझंटाईन सम्राटाशी हातमिळवणी केली होती आणि बदल्यात कॉन्स्टँटिनोपलमधला व्हेनिसचा वाडा त्यांना मिळाला. तो त्यांनी पाडला आणि त्याचे दगड जहाजात भरून इथे आणून बसवले. मागच्या, जुन्या बाजूला सिंहांची दगडी मुंडकी दिसतात. सिंह व्हेनिसचा! शत्रूच्या घराचे दगड आपल्या भिंतीत.

१४०७ मध्ये सान जॉर्जो बँक निघाली, युरोपातल्या सर्वांत जुन्या बँकांपैकी एक. सरकारला कर्ज देणाऱ्यांनी एकत्र येऊन कर वसुलीचे हक्कच ताब्यात घेतले, पुढे कॉर्सिकासारखी बेटंही बँकेच्या कारभाराखाली आली. १८०५ मध्ये नेपोलियनच्या राजवटीत ती बंद झाली. सध्या तिथे बंदर प्राधिकरणाचं कार्यालय आहे.

आणि आपल्याशी नातं सांगणारी गोष्ट: व्हेनिसचा मार्को पोलो १२९८ च्या सुमारास जिनोआच्या कैदेत होता, परंपरेने याच इमारतीत. तिथे पिसाच्या रुस्तिकेल्लो नावाच्या कैद्याला त्याने आपली प्रवासहकीकत सांगितली. त्या हकीकतीत ठाण्याच्या राज्याचं वर्णन आहे: तिथलं चामडं, सुती कापड, आणि राजाशी संगनमत करून व्यापाऱ्यांची जहाजं लुटणारे चाचे. लुटीतले घोडे राजाचे, बाकीचं चाच्यांचं, असा करार! आपल्या कोकण किनाऱ्याची ही हकीकत जिनोआच्या तुरुंगात लिहिली गेली, हे त्या भिंतीपुढे उभं राहून आठवलं पाहिजे.

ठाणेकर

ठाण्याचं नाव आलं, छाती दोन इंच फुगली. चाच्यांचं काही विचारू नका.

मुशाफिर

जुनीपाने, केवळ या प्रतिसादासाठी वाचनखूण साठवली.

रोखठोक

हे माहीत असतं तर मी तरी वेगळ्या नजरेने बघितलं असतं. पण मग एक सांगा, एवढा पैसा होता तर तो दिसत का नाही? व्हेनिस, फ्लॉरेन्समध्ये श्रीमंती समोर येते. इथे गल्ल्या आणि काळवंडलेले दरवाजे.

वेलबुट्टी

रोखठोक, हाच प्रश्न जिनोआ समजण्याची किल्ली आहे, आणि याचसाठी हे शहर पायी बघायचं.

जागाच नव्हती. मोठे चौक बांधायला सपाट जमीन नाही, मग वैभव आत गेलं. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या घरांचे दरवाजे बघा, चौकटीवर काळ्या पाटीच्या दगडात कोरलेला पट्टा असतो: घोड्यावर संत जॉर्ज, भाला खाली रोखलेला, खाली वळवळणारा ड्रॅगन, बाजूला हात जोडलेली राजकन्या. गल्ली इतकी अरुंद की मागे सरकून बघता येत नाही, मान वर करूनच बघावं लागतं. वरच्या कोपऱ्यावर संगमरवरी देवळीत मारियामाता, तिच्यापुढे पूर्वी दिवा जळायचा आणि गल्लीला तेवढाच उजेड. असे दरवाजे आणि देवळ्या गल्लोगल्ली आहेत. बसमधून यातलं काहीही दिसत नाही.

मग श्रीमंतांनी सोळाव्या शतकाच्या मध्यात डोंगराच्या पायथ्याशी एक सरळ नवा रस्ता काढला, आजचा गारिबाल्दी रस्ता. जेमतेम अडीचशे मीटर लांब, दोन्ही बाजूंना फक्त राजवाडे. शहरात पाहुणा राजा किंवा वकील आला तर त्याला उतरवायला सरकारी अतिथिगृह नव्हतं. त्यासाठी १५७६ पासून खासगी वाड्यांच्या अधिकृत याद्या झाल्या, त्या याद्या म्हणजे रोल्ली. पाहुण्याच्या दर्जाप्रमाणे वाडा ठरायचा. चित्रकार रुबेन्स या वाड्यांवर इतका खूश झाला की त्यांचे आराखडे त्याने १६२२ मध्ये छापले. २००६ मध्ये यातले ४२ वाडे युनेस्कोच्या यादीत आले. वसंतात आणि शरदात रोल्लीचे खास दिवस असतात, तेव्हा एरवी बंद असलेले वाडेही उघडतात. तारखा बघून घ्या.

हा रस्ता सपाट आहे, आईंना अगदी सोयीचा. उघड्या दरवाज्यातून आत डोकवा: अंगण, त्यामागे जिना, त्यामागे बाग, त्यामागे कारंजं, सगळं डोंगरात चढत गेलेलं. पालात्सो तुर्सी या वाड्यात व्हायोलिनवादक पागानिनीचं १७४३ सालचं व्हायोलिन आहे, त्याचं लाडकं "कान्नोने". त्याचा जन्म याच गावातला.

भटकभवानी

भर घालते: रंगवलेल्या खिडक्या! भिंतीवर खिडकी, तिच्यावरची कमान, झडपा, सावल्यासुद्धा नुसत्या रंगाने काढलेल्या असतात. एका रांगेत दोन खऱ्या आणि मध्ये एक खोटी, असं. चहा घेत बसून खऱ्या-खोट्या ओळखायच्या, आईंना हा खेळ आवडेल.

गवाक्ष

आणि सान लोरेंत्सो कॅथेड्रलमध्ये आत गेल्यावर उजव्या बाजूला बघा. ९ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश युद्धनौकांनी शहरावर तोफा डागल्या. एक गोळा छप्पर फोडून आत पडला आणि फुटलाच नाही. तो तिथेच ठेवलाय, माणसाच्या उंचीचा. बाहेर दर्शनी भागाच्या कोरीव कामात कुठेतरी एक झोपलेला छोटा कुत्रा कोरलाय. गावातली मुलं तो शोधतात. जागा सांगत नाही, शोधा.

कॅथेड्रलच्या खजिन्यात हिरवं षटकोनी पात्र आहे, ११०१ मध्ये पॅलेस्टाईनमधल्या कैसरिया शहराच्या लुटीतून आणलेलं. शतकानुशतकं ते अखंड पाचूचं समजलं जायचं. नेपोलियनने पॅरिसला नेलं, परत येताना फुटलं, आणि काच असल्याचं सगळ्यांना कळलं. फुटलेलं जोडून ठेवलंय.

सोपानदेव

अजून कोणी कोलंबसच्या घराबद्दल बोललं नाही?

जुनीपाने

सोपानदेव, पोर्ता सोप्राना या वेशीजवळ आहे. वेस बाराव्या शतकातली, सम्राट बार्बारोसाच्या धास्तीने बांधलेल्या तटाची, आणि ती बघाच. घर मात्र १६८४ च्या फ्रेंच तोफखान्याच्या माऱ्यात पडलं आणि अठराव्या शतकात पुन्हा उभारलं. बाहेरून पाहून पुढे जा. मी तो वेळ सान मात्तेओ चौकाला देईन. दोरिया घराण्याचा छोटासा चौक, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं चर्च, आणि त्याच्या दगडांवर घराण्याचे विजय कोरलेले. त्यांचा नामांकित आरमारप्रमुख आंद्रेआ दोरिया तिथेच पुरलाय.

सह्याद्री_७७

आई इतिहासाच्या शिक्षिका आहेत म्हटल्यावर मॅझिनीचं घर चुकवू नका. लोमेल्लिनी रस्त्यावर, ११ नंबर. १८०५ मध्ये तिथे जन्म. सध्या ते इटलीच्या एकीकरणाचं संग्रहालय आहे. सावरकरांनी १९०६ मध्ये लंडनला असताना मॅझिनीच्या लेखनाचं मराठी भाषांतर केलं, १९०७ मध्ये ते पुण्यात छापलं गेलं आणि पुढे इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. माझ्या आजोबांच्या पिढीने मॅझिनी मराठीतून वाचला. त्या घराच्या पायरीशी उभं राहिल्यावर आजोबांची फार आठवण आली. त्याच एकीकरणासाठी गारिबाल्दीचे हजार स्वयंसेवक ५ मे १८६० ला निघाले तेही इथल्याच क्वार्तोच्या खडकावरून.

खवचट_खान

आता सावरकर आले म्हणजे धागा शंभरी गाठणार.

प्रशासक

धागा जिनोआचा आहे. राजकीय चर्चेसाठी वेगळा विभाग आहे, कृपया तिकडे.

सह्याद्री_७७

मान्य. मॅझिनीची समाधी स्ताल्येनोच्या दफनभूमीत आहे, एवढंच सांगून थांबतो.

निळावंती

स्ताल्येनोबद्दल मी लिहिते. शहराच्या मागच्या खोऱ्यात आहे, बसने जायचं, १८५१ पासूनची. मृत्यूच्या जागी फिरायला कशाला, असं वाटेल. पण एकोणिसाव्या शतकातल्या शिल्पकारांनी संगमरवरात काय काय केलंय ते बघायला तरी जा.

तिथे कातेरीना काम्पोदोनिको नावाच्या बाईचा पुतळा आहे. जत्रांमधून सुक्या मेव्याच्या माळा आणि कड्याच्या आकाराचे गोड पाव विकणारी फेरीवाली. आयुष्यभराची कमाई साठवली आणि जिवंतपणीच, १८८१ मध्ये, ओरेंगो या नामांकित शिल्पकाराकडून स्वतःचा पुतळा करून घेतला. आजूबाजूला सगळे शेठ-सावकार, आणि मध्ये ही. हातात माळ आणि पाव. अंगावर ठेवणीतले कपडे: शालीच्या झालरीचा प्रत्येक धागा सुटा कोरलाय, लेसची नक्षी मोजून घ्यावी, बोटांची पेरं कामाने जाड झालेली. चेहरा अजिबात सुंदर केलेला नाही. मी जे आहे ते हे, अशी उभी आहे. जिनोआवर राज्य केलेल्या सगळ्या दोजांपेक्षा (तिथले निवडून आलेले प्रमुख) मला ही बाई मोठी वाटते.

खालचे सज्जे सपाट आहेत. मॅझिनीची समाधी मात्र वर झाडीत आहे, तिथे चढ आहे.

पायवाट

निळावंती ताई, आई हे वाचून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आधी हिच्याकडे जायचं, मॅझिनीला मी खालून नमस्कार करीन.

एक शंका. मी एका खोलीचा पत्ता पाहिला तर त्यात नंबरापुढे "आर" आहे. नकाशावर तो नंबर भलतीकडेच दाखवतोय.

वेलबुट्टी

"आर" म्हणजे रोस्सो, लाल. जिनोआत एकाच रस्त्यावर दोन क्रमांकमालिका चालतात: घरांना काळे नंबर, दुकानांना आणि धंद्याच्या जागांना लाल. काळा १२ आणि लाल १२ यांच्यात बरंच अंतर असू शकतं. तुमच्या खोलीला लाल नंबर असेल तर ती मुळात दुकानाची जागा असणार, तळमजल्याची. जिने नाहीत हे आईंना चांगलं, पण उजेड किती येतो ते विचारून घ्या.

आता मूळ प्रश्नाकडे येते. अस्थिमित्रांचं ऐकून माझी आखणी अशी. हॉटेल दे फेर्रारी किंवा ब्रिन्योले स्टेशनच्या बाजूला घ्या, तिथे रस्ते रुंद आहेत. पहिल्या सकाळी कास्तेल्लेत्तो लिफ्टने वर आणि लिफ्टनेच खाली, मग गारिबाल्दी रस्ता निवांत, एखादा वाडा आतून. दुपारी विश्रांती. दुसऱ्या सकाळी दे फेर्रारी, सान मात्तेओ, तिथून काम्पेत्तो आणि सोझिलिया हे चौक. सोझिलियात १७८० पासून मिठाई करणाऱ्या रोमानेंगो घराण्याचं दुकान आहे, साखरेत घोळवलेल्या जांभळ्या फुलांसाठी प्रसिद्ध. पुढे बांकी चौक. तिथलं चर्च दुकानांच्या डोक्यावर बांधलंय, खालची दुकानं विकून वरच्या देवळाचा खर्च भागवला. तिथून सोत्तोरीपा, सान जॉर्जो, आणि जुनं बंदर, जे रेंत्सो पियानो या वास्तुरचनाकाराने १९९२ मध्ये लोकांना फिरायला खुलं करून दिलं. तिथे बाकं भरपूर. परत मेट्रोने. कॅथेड्रल वेगळं ठेवा, घाईत नको. स्ताल्येनोला अख्खी सकाळ द्या.

लांतेर्नाला पहिल्या गच्चीपर्यंतच १७२ पायऱ्या आहेत, तो तुमच्या आखणीत नको.

अस्थिमित्र

उत्तम. याला माझी सही.

रोखठोक

कामोली राहिलंच. :) समुद्राकाठी निदान एक संध्याकाळ हवी ना?

दर्यावर्दी

त्यासाठी नेर्वी. ब्रिन्योलेहून लोकल ट्रेन, स्टेशनातून उतरलं की लगेच समुद्र. खडकांच्या कडेने जवळपास दोन किलोमीटरची पायवाट आहे, कठडा आहे, बसायला जागा आहेत. गारिबाल्दीच्या बायकोचं, आनिताचं नाव दिलंय तिला. बोक्कादास्से पण छान, मच्छीमारांचा जुना पाडा, पण तिथे खाली होड्यांपर्यंत उतरावं लागतं.

पायवाट

नेर्वी पक्कं, तिकिटं पण काढली. आईने वहीत तीन पानं भरलीत. फक्त एक विचारते, एप्रिलमध्ये पावसाची किती शक्यता?

दर्यावर्दी

एप्रिलमध्ये सर येऊन जाते, छत्री ठेवा. खरा धो धो पाऊस शरदात असतो, ऑक्टोबर-नोव्हेंबर. तेव्हा पूरही येतात. सर आली की सोत्तोरीपात शिरा, कमानींखालून कोरडं चालता येतं.

तांबडा_रस्सा

आणि तिथे पानिस्सा खा. तेल विचारून.